तीन आठवड्यांचं पर्यटन आणि चौसष्ट घरं

हे प्रकरण अकोले तालुक्यातल्या, भंडारदरा धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावाचं. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम टाळलीत, कारण अर्धी भांडणं अजून मिटलेली नाहीत आणि सगळे माझ्या ओळखीतले, म्हणजे माझ्या मामाचंच गाव. मी नाशिकला अकाउंटचं काम करतो. गावाने काजवा पर्यटनासाठी समिती काढली तेव्हा "तुला हिशोब येतो ना, मग तूच लिही" म्हणून वही माझ्या गळ्यात पडली. त्यामुळे किड्यामुंग्यांचा अभ्यासक वगैरे मी नाही, मला जे कळलं ते वहीतून कळलं, आणि ते कळायला दोन सीझन गेले.

पार्श्वभूमी

भंडारदऱ्याचं धरण प्रवरेवर, इंग्रजांच्या काळात १९२६ ला पूर्ण झालेलं. आजूबाजूचा डोंगर म्हणजे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य, ते १९८६ पासून. वस्ती महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. शेती म्हणजे पावसाळ्यातला भात, उतारावर नागली आणि वरई, उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करायचा. भात निघाला की अर्धं गाव नारायणगाव नाहीतर नाशिककडे मजुरीला. शेजारी एवढं मोठं धरण आणि मे महिन्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन दरीत उतरतात, हे पाहुण्याला सांगितलं की त्याला पटतच नाही. पण पाणी खाली आहे आणि गाव वर आहे, बास, एवढंच त्यामागचं गणित.

मेच्या शेवटी वळवाचे एक-दोन दणके बसले की काजवे निघतात, आणि जूनच्या मध्याला पाऊस लागून बसला की संपतात. तीन आठवडे, फार तर चार. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर हजारोंनी बसतात आणि सगळं झाड एका तालावर उघडझाप करतं. नर उजेड देत फिरतो, मादी बऱ्याचदा गवतात नाहीतर खालच्या फांदीवर बसून उत्तर देते, त्यांचं सगळं बोलणं उजेडातच चालतं. म्हणून तिथे मोबाईलचा फ्लॅश मारला की ते बोलणं तुटतं. अळी मात्र महिनोन्महिने खाली ओल्या पाचोळ्यात असते, गोगलगायी खाऊन जगते, आणि पंख फुटल्यावरचं आयुष्य पंधरा-वीस दिवसांचं. म्हणजे लोक वर बघत चालतात आणि निम्मा संसार पायाखाली असतो.

दहा-बारा वर्षांपूर्वी फक्त कॅमेरावाले यायचे, दोन-चार जण, मामाच्या ओसरीवर झोपायचे, पिठलं-भाकरी खायचे, सकाळी मामीच्या हातात काहीतरी ठेवून जायचे. मग व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ फिरायला लागले, मग रील्स. २०१८-१९ ला शनिवारी रात्री घोटी-बारीच्या रस्त्याला गाड्यांची रांग दिसायला लागली. २०२० आणि २१ कोरोनात गेले. आणि २०२२ ला दोन वर्षं कोंडलेलं सगळं पब्लिक एकदम आलं.

नेमका प्रश्न काय होता

२०२२ च्या जूनमधला एक शनिवार मी स्वतः बघितला म्हणून तोच सांगतो. संध्याकाळी सातला गावात यायला सुरुवात झाली, दहापर्यंत रस्ता जाम. जागा मिळेल तिथे गाड्या खाचरात घातल्या. आता भाताच्या खाचरात मे-जूनमध्ये काही नसतं असं शहरातल्या माणसाला वाटतं, पण एका कोपऱ्यात राब भाजून ठेवलेला असतो, पेंढापाला जाळून मऊ केलेली ती जमीन, तिथेच रोप टाकायचं असतं. मामाच्या शेजाऱ्याच्या राबावरून एक मोठी एसयूव्ही पुढे-मागे तीनदा गेली आणि चाकाच्या दोन पट्ट्यांत माती विटेसारखी बसली. पार्किंगचे शंभर रुपये ज्याने घेतले तो वेगळा आणि राब ज्याचा गेला तो वेगळा.

झाडाखाली तर जत्राच. सगळ्यात भरगच्च सादडा आहे त्याच्या बुंध्याशी एका पोराने मॅगीचा स्टॉल टाकलेला, वर हॅलोजन, मागे जनरेटर. दहा पावलांवर माणसं ओरडतायत, "काजवे कुठेत?" एक बाई मुलाला प्लास्टिकच्या बाटलीत तीन काजवे भरून देत होती आणि तो बाटली हलवत होता, चमकत का नाहीत म्हणून.

पण मला लागलं ते वेगळंच. तंबूवाल्यांनी ज्या घरांचे संडास रात्रीपुरते भाड्याने घेतलेले, त्या घरच्या बायका स्वतः बाहेर जात होत्या. आणि बाहेर सगळीकडे टॉर्च घेऊन फिरणारी माणसं. मामीची जाऊ मला म्हणाली, "आरं, आम्ही पहाटं तीनला उठून जातो, तवा कुठं टॉर्च बंद होत्यात." हे कुठल्या फोटोत येत नाही.

पाण्याचंही तेच. तंबूच्या आंघोळीला टँकर यायचा, तो सरळ माळावर जायचा, गावातल्या हंड्यांच्या रांगेसमोरून.

आणि बोहाडा. आमच्याकडे वैशाखाच्या सुमाराला बोहाडा होतो, मुखवटे घालून देवादिकांची सोंगं रात्रभर नाचवतात, संबळ-सनईवर, आधी गणपती मग शारदा मग बाकीचे, ठरावीक सोंग ठरावीक घराकडे. एका आयोजकाने विचारलं की जूनमध्ये शनिवारी रात्री जेवणाच्या आधी दहा-पंधरा मिनिटं होईल का, रावण आणि नरसिंह तेवढे दाखवा, गणपती नको, स्लो आहे. हे वाक्य गावात अजून चेष्टेने म्हणतात. बैल हळू चालला की पोरं म्हणतात, स्लो आहे, गणपती आहे.

पहिला प्रयत्न आणि तो का फसला

२०२२ चा सीझन चालू असतानाच ग्रामसभा झाली आणि पाट्या लागल्या. लाईट लावू नये, झाडं हलवू नयेत, मोठ्याने गाणी लावू नयेत, कचरा करू नये. वनखात्याचे गार्ड पण बिचारे रात्री फिरले, पण दोन-तीन माणसं आणि चार वाटा, कुठे कुठे पुरणार. पाट्या कुणी पाळल्या नाहीत. पर्यटकांनी नाहीत हे तर झालंच, पण गावातल्यांनीही नाहीत. आणि खरी गोची इथेच होती, पण तेव्हा सगळ्यांनी, मी पण, असंच धरलं की लोकांना समज नाही, जनजागृती पाहिजे. मग एक स्लाईड शो पण केला शाळेत. मॅगीवाल्या पोराला हॅलोजन काढायला सांगायला गेलो तर तो म्हणाला, "तुमचं पोट भरलं, आता आम्हाला अंधार शिकवता का?"

त्या रात्री मी चिडलो. नंतर पावसाळ्यात सुट्टी काढून आलो आणि वही घेऊन घरोघर फिरलो, एकच प्रश्न, काजव्याच्या तीन आठवड्यांत तुमच्या घरात किती आले, नक्की आकडा नको, आले की नाही तेवढं सांगा. गावात चौसष्ट घरं. पाच घरांची जमीन रस्त्याला लागून, तंबू आणि पार्किंग तिथेच. नऊ घरांनी जेवणं केली, ती बहुतेक त्या पाच घरांच्याच भावकीतली. दोन घरातली पोरं गाईड म्हणून गेली. झाली सोळा. अठ्ठेचाळीस घरात एक रुपया नाही. धूळ, गोंगाट, पाण्याची रांग आणि पहाटे तीनचा अलार्म मात्र चौसष्टच्या चौसष्टांना. मॅगीवाला पोरगा त्या अठ्ठेचाळीसातला होता.

हे वहीत एका पानावर आलं आणि ते पान मी मामाला दाखवलं. मामाचं घर सोळात. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला हे सभेत वाचू नको. मी वाचलं. त्यानंतर दोन महिने मामाकडे माझं जेवण झालं नाही, असो.

कोणते पर्याय होते

दिवाळीनंतर सभा झाली, चार तास चालली. आदिवासी भागांसाठीचा पेसा कायदा १९९६ चा, आमच्यासारख्या गावात ग्रामसभेला बरंच वजन आहे, फक्त ते वापरायची सवय नसते. चार मतं निघाली.

पहिलं, सरळ बंद करा. म्हातारी माणसं आणि बऱ्याच बायका या बाजूच्या. यात चूक काही नव्हतं, पण बंद करायचं म्हणजे रस्ता अडवायचा, आणि रस्ता पुढच्या दोन गावांना जातो. शिवाय आपण बंद केलं की गर्दी शेजारच्या गावात जाणार आणि टॉर्च घेऊन आपल्याच रानात उतरणार.

दुसरं, ठेका द्या. मुंबईचा एक आयोजक एकरकमी पैसे गावाला द्यायला तयार होता, देवळाचं काम होऊन जाईल एवढे. तंबू त्याचे, जेवण त्याचं, आचारी पण त्याचे. आकडा ऐकून सभेत दोन मिनिटं शांतता होती. मला विचाराल तर हाच सगळ्यात धोकादायक क्षण होता, कारण भांडून थकलेल्या गावाला एकरकमी पैसा फार गोड लागतो. एका म्हाताऱ्याने विचारलं, मग गाडी राबात घातली तर मी कुणाला सांगू, त्याला फोन लावू का मुंबईला? आणि ते मत तिथेच पडलं.

तिसरं, आहे तसं चालू द्या, ज्याची जमीन त्याचा धंदा. पाच घरं अर्थात इथे.

चौथं, गावाने हातात घ्यायचं, आकडा ठरवायचा, आणि घरांचे नंबर लावायचे. याला जवळचं उदाहरण होतं, आमच्याच तालुक्यात पुरुषवाडीला मुक्कामाचे पाहुणे घरांमध्ये आळीपाळीने वाटतात, ते आमच्यातल्या काहींनी बघितलेलं. कोकणात वेळासला कासवांसाठी येणारे लोक गावातल्या घरीच राहतात आणि जेवतात. आणि आकडा ठरवायचं म्हटलं की सगळे साताऱ्याजवळच्या फुलांच्या कास पठाराचं नाव घेतात. कास २०१२ ला जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि तिथे दिवसाला तीन हजारांची मर्यादा, ऑनलाईन बुकिंग, आसपासच्या गावांची समिती. पण कास दिवसाचा खेळ आहे. आमच्याकडे रात्र, चार वाटा, गेट नाही. तीन हजार हा आकडा ऐकून आमचा सरपंच म्हणाला, तीनशे आले तरी आमची विहीर आटते. आणि मर्यादा तिथेच ठरली, तीनशे. कुठल्या अभ्यासातून नाही, विहिरीवरून. मागे वळून बघताना मला हाच आकडा सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

बायकांनी एकच अट घातली, टँकर आधी गावात येणार, मग माळावर. आणि संडास भाड्याने द्यायचे नाहीत, तंबूवाल्यांनी आपले आणायचे. ही अट मान्य होईपर्यंत त्या उठल्या नाहीत, आणि चौथा पर्याय त्यांच्या मतांवरच पास झाला.

काय केलं

२०२३ च्या सीझनला सुरू केलं. गाड्या गावाच्या अलीकडे दीड-दोन किलोमीटरवर माळावर थांबवायच्या, खाचरात एकही नाही. माणशी पन्नास रुपये गावनिधी, पावती फाडून. एका रात्री सहा घरांचा जेवणाचा नंबर, तिन्ही वाड्यांतून दोन-दोन, चिठ्ठ्या टाकून यादी काढली आणि देवळाच्या भिंतीवर लावली. ताटाचा दर एकच, मेनू एकच, नागलीची नाहीतर तांदळाची भाकरी, पिठलं, आमटी, भात, ठेचा. गावठी कोंबडी बंद केली, कारण कोंबडीवरून दरात चढाओढ सुरू होते, आणि तसंही तेवढ्या कोंबड्या गावात आहेत कुठे, घोटीच्या बाजारातून आणून गावठी म्हणून खपवत होते, हे मी लिहिलं म्हणून मला शिव्या पडतील पण खरं आहे.

प्रत्येक टॉर्चला लाल जिलेटीन कागद, रबरबँडने बांधलेला, पार्किंगवरच. हे काम शाळेतल्या पोरींनी घेतलं, एका टेबलावर कागदाचे चौकोन कापून ठेवलेले, आणि एवढ्याशा पोरी मोठ्या माणसांना बिनधास्त सांगायच्या, काका मोबाईल आत ठेवा. गाईडच्या पाटीपेक्षा हे जास्त चाललं. पुरुषांशी वाद घालणाऱ्या पर्यटकाला सातवीतल्या पोरीशी वाद घालता येत नाही.

मॅगीवाल्या पोराला पार्किंगचा मुकादम केला. ही कल्पना माझी नाही, सरपंचाची. मला तर वाटत होतं तो पैसे खाईल. नाही खाल्ले. उलट पावती न घेता कुणी सुटलं तर मोटरसायकलवरून मागे जायचा.

बाहेरच्या आयोजकांना सांगितलं, माणसं आणा, तुमची फी तुम्ही घ्या, पण राहणं-खाणं गावाचं. दोघे तयार झाले, बाकीचे दुसऱ्या गावांकडे वळले. ठेका मागणारा तर फोनच उचलेना.

आणि एक घोळ झाला तो सांगायलाच पाहिजे. माळापासून गावापर्यंत अंधारात चालायचं म्हणजे म्हातारी माणसं, लहान पोरं, साप-विंचू, बिबट्याचा तर आमच्याकडे वावर आहेच. म्हणून गावातल्या पाच जीप लावल्या, सीटला वीस रुपये, जीपवाल्यांनाही काम. कागदावर झकास. पहिल्याच शनिवारी लक्षात आलं की एकेक जीप रात्रीतून आठ-दहा फेऱ्या मारतेय आणि वळणावर तिचा फुल हेडलाईट बरोबर त्या सादड्यावर पडतो. पूर्वी गाड्या एकदा यायच्या आणि थांबायच्या, आम्ही ती गर्दी फेऱ्यांमध्ये बदलून घेतली. झाड त्या रात्री मध्येच बंद पडल्यासारखं झालं, मग पुन्हा चालू, मग पुन्हा जीप. पुढच्या आठवड्यात जीप फक्त साडेसातच्या आत आणि दहाच्या नंतर, मधल्या वेळात चालत, वीसच्या घोळक्याने, पुढे-मागे एकेक गाईड. ज्यांना चालणं जमत नाही त्यांना अलीकडच्याच एका जांभळीपाशी बसवायचं, तिथेही काजवे असतात, थोडे कमी. जीपवाले नाराज झाले, त्यातले दोघे समितीतून बाहेर पडले.

बोहाड्याचं काय झालं

हे वेगळं लिहितो कारण इथे हिशोबाची वही उपयोगाला आली नाही.

गावातल्या पोरांना आयोजकाची कल्पना आवडलेली होती. शनिवारी दहा मिनिटं नाचायचे चांगले पैसे मिळत होते, आणि त्यांचं म्हणणं होतं की म्हातारे मेले की हे तसंही कोण करणार, निदान पैशासाठी तरी पोरं शिकतील. हा मुद्दा मी अजून खोडू शकलेलो नाही. पण मुखवटे ज्या घरात असतात त्या बाबांनी नकार दिला. भांडले नाहीत, फक्त मुखवट्यांची पेटी माळ्यावर ठेवली आणि शिडी काढून घेतली. म्हणाले, देव उठवायचा तर त्याच्या दिवशी उठवू.

मग पोरांनी बाहेरून हलके मुखवटे विकत आणले, चकचकीत रंगाचे, आणि एका शनिवारी नाचले. पब्लिकने व्हिडिओ काढले, टाळ्या पडल्या. बाबा लांब ओट्यावर बसून बघत होते. नाच संपल्यावर त्यांनी एका पोराला जवळ बोलावलं, आम्हाला वाटलं आता बोलतील काहीतरी, तर म्हणाले, "नरसिंह डाव्या पायावर वळतो रं. उजव्या नाही." बास. पुढच्या वैशाखात त्याच पोराने खऱ्या बोहाड्यात नरसिंहाचं सोंग मागितलं. ते घर दुसरं, त्यांनी दिलं नाही. त्यावरून आता वेगळंच राजकारण चालू आहे. मग जूनच्या कार्यक्रमाला समितीने बोहाडा म्हणायला बंदी घातली, कांबड नाच ठेवला, तो ठाकरांच्या पोरांनी बसवला, त्याला तसा सोवळ्या-ओवळ्याचा अडसर नाही. यातून संस्कृती वाचली का बुडाली हे मला विचारू नका.

निष्पत्ती

२०२३ ला पाऊस लांबला, मुंबईत मान्सून २५ जूनला पोहोचला, त्यामुळे काजवे रेंगाळले आणि आमच्या नव्या व्यवस्थेला सीझन जास्त दिवस मिळाला. थोडं नशीब पण होतं ते. २०२४ ला नेहमीसारखं. पैशाचं बघायचं तर गावात एकूण आलेला पैसा २०२२ पेक्षा कमी भरला, कारण माणसंच कमी केली. पण पैसा पोचलेली घरं सोळावरून एक्केचाळीसवर गेली. उरलेल्या तेवीस घरातली काही कुलूपबंद, माणसं नाशिकला, काहींत म्हातारी एकटी, स्वयंपाक जमत नाही, आणि तीन घरांनी स्पष्ट सांगितलं आम्हाला नको. त्या एकट्या म्हाताऱ्यांना निधीतून काही द्यावं का यावर सभा दोनदा मोडली, अजून ठराव नाही.

राब एकाचाही गेला नाही. टँकर आधी गावात येतो. संडासाचं ठरल्याप्रमाणे पाळलं जातंय, एक घर सोडून.

पाच घरांपैकी चार घरं, मामा धरून, कुरकुरत का होईना समितीत आली. पाचव्याने बाहेरच्या माणसाशी स्टॅम्पपेपरवर करार केला. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला कलेक्टरच्या परवानगीशिवाय जात नाही म्हणून खरेदी नाही, भाड्यालाही खरं तर तीच परवानगी लागते, तरी भाड्याचा कागद केला, आणि त्या कागदावर तिथे कायमचे तंबू, रंगीत दिव्यांच्या माळा आणि शनिवारी स्पीकर. ग्रामसभेने नोटीस दिली. तो म्हणतो तुम्ही मला नंबरात बसवून माझं उत्पन्न पाचवा हिस्सा केलं. आकडा थोडा फुगवलाय त्याने, पण पूर्ण खोटा पण नाही. बाकीच्यांचं वाढलं ते त्याच्याच खिशातून वाढलं, हे माझ्याच वहीत दिसतं.

काजवे वाढले का? सगळे हेच विचारतात. गावात म्हणतात कोरोनाच्या दोन वर्षांत भरपूर होते, आता पण बरे आहेत. पण २०२० ला कुणी मोजले नव्हते आणि तेव्हा बघायलाही गावातलीच माणसं होती, गर्दी नसल्यावर सगळंच जास्त दिसतं. म्हणून वहीत मी वाढले असं लिहिलेलं नाही. एवढं लिहिलंय की सादडा रात्री साडेआठ ते दहा सलग चालू राहतो, पूर्वी तुटायचा.

मग आलं २०२५. मे महिन्यातच धो धो, मुंबईत २६ मेला मान्सून. आमचं बुकिंग होतं जूनच्या पहिल्या पंधरवड्याचं. काजवे थोडे दिवस दिसले न दिसले तोच पाऊस लागून बसला. आगाऊ घेतलेले पैसे परत करायची वेळ आली आणि तेव्हा कळलं की परतीचा नियमच आम्ही केलेला नव्हता. काही घरांनी आधीच किराणा भरलेला. निधीतून अर्धे परत केले, अर्ध्यांना पुढच्या वर्षाची तारीख दिली, काहींनी शिव्या घातल्या. पण एक बरं झालं, पाऊस लवकर आला म्हणून रोपं लवकर टाकली आणि कुणाची मजुरी बुडाली नाही, कारण तीन आठवड्यांच्या भरवशावर कुणी शेती सोडलेली नव्हती. शेजारच्या एका गावात दोघांनी कर्ज काढून तंबू घेतलेले, त्यांचं अवघड झालं.

परत करायचं झालं तर

वही आधी, पाट्या नंतर. पहिल्या वर्षी आम्ही जनजागृतीत वेळ घालवला. कुणाच्या घरात काय येतं आणि कुणाच्या घरातून काय जातं एवढं आधी मांडलं असतं तर मॅगीवाल्याशी भांडण झालं नसतं.

तारखा कॅलेंडरवर ठरवायच्या नाहीत. काजव्याला तारीख कळत नाही, त्याला वळीव कळतो. बुकिंग घेताना तसं स्पष्ट सांगायचं, पैसे नंतर घ्यायचे, धंदा थोडा कमी होईल.

पाचव्या घराशी आधी वेगळं बोलायला पाहिजे होतं. सभेत सगळ्यांसमोर त्याचा आकडा वाचला गेला, वाचणारा मी. मामा दोन महिन्यांनी विसरला, तो विसरला नाही. त्याची जमीन पार्किंगला निधीतून भाड्याने घेतली असती तर तो कदाचित आत राहिला असता. कदाचित.

जीपचा रस्ता रात्री एकदा चालून बघायला पाहिजे होता. दीड-दोन किलोमीटरचं काम होतं ते.

आणि आता हायमास्टचं. गावाने गेली कित्येक वर्षं देवळापाशी मोठा दिवा मागितलेला, बिबट्यासाठी, सापांसाठी, रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यायला. तो नेमका आत्ता मंजूर झाला, खांब उभा राहिला, चौफेर पांढरा उजेड. देवळाजवळच्या बेहड्यावर त्याचा उजेड सरळ पडतो. समितीतल्या पोरांचं म्हणणं, खांब हलवा. बायका म्हणाल्या, शहरात एवढा उजेड आहे, त्यांच्यासाठी आम्ही अंधारात राहायचं का, आणि याला कुणाकडेच उत्तर नव्हतं. शेवटी ठरलं की दिवा राहणार, फक्त त्या तीन आठवड्यांत साडेसात ते दहा बंद, आणि दिव्याच्या पेटीची किल्ली आशाताईंच्या, म्हणजे गावच्या आशा कार्यकर्तीच्या घरी, कारण रात्री निकड लागली तर सगळ्यात आधी त्यांनाच उठवतात. मागच्या सीझनला त्यांनी एकदा मध्येच दिवा लावला, एका पोराला काहीतरी चावलेलं. खाली झाडापाशी घोळक्यातून कुणीतरी ओरडलं, लाईट बंद करा. आमच्या मुकादमाने त्याला शांतपणे सांगितलं, "थांबा जरा, पोरगं जीपमध्ये बसू द्या."